वस्ती कोणाच्या सोयीची? अंबरपेठचा दाखला

हैदराबादेत राहायला येणाऱ्या मराठी कुटुंबाला घर कोठे घ्यावे हा प्रश्न १९५६ पूर्वी फारसा पडत नसे, कारण त्याचे उत्तर रेल्वेने आणि नातेवाइकांनी आधीच देऊन ठेवलेले असे. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठीभाषक जिल्हे तेव्हा हैदराबाद संस्थानात आणि १९४८ नंतर हैदराबाद राज्यात मोडत होते. दाव्याच्या अपिलासाठी, सरकारी नोकरीसाठी आणि पदवीच्या शिक्षणासाठी या जिल्ह्यांतील माणसाला जावे लागे ते हैदराबादेसच. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड आणि निजामाबाद करत येणारा मीटरगेज मार्ग, म्हणजे रुळांमधील अंतर एक मीटर असलेला अरुंद मार्ग, १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि १९१६ मध्ये काचीगुड्याच्या स्थानकाची आजही उभी असलेली घुमटांची इमारत बांधली गेली. वळकटी आणि ट्रंक घेऊन तेथे उतरलेला माणूस टांग्याचे फार पैसे न मोडता जेथपर्यंत जाऊ शके, तेथपर्यंतच त्याचे हैदराबाद पसरलेले असे.

स्थलांतराचा अभ्यास करणारे या प्रकाराला शृंखला-स्थलांतर म्हणतात. गावातील एक माणूस आधी येतो, त्याच्या ओळखीवर भाऊ किंवा भाचा येतो, मग शेजारचे कोणी येते, आणि साखळीची प्रत्येक कडी आधीच्या कडीच्या जवळच बसते. ई. जी. रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे जे नियम मांडले, त्यांत बहुतेक माणसे लांब न जाता जवळच्या अंतरावरच हलतात, हे एक निरीक्षण होते. मराठवाड्यातील माणसाला पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचे वाटे, ते नकाशामुळे तसेच या साखळीमुळेही. साखळीचा फायदा उघड होता: नव्या माणसाला पहिले काही महिने जेवण, जामीन आणि शिफारस मिळे. तिचा तोटा मात्र आठवणींच्या लेखनात सहसा येत नाही. साखळी भाषेची जितकी असे, तितकीच जातीची आणि नात्याचीही असे. एकाच तालुक्यातून आलेला ब्राह्मण वकील, मराठा विद्यार्थी, दलित कामगार आणि मुसलमान कारागीर हे चौघेही घरी मराठी बोलत असले, तरी ते चार वेगळ्या गल्ल्यांत पोहोचत आणि चौघांच्याही दृष्टीने आपण वस्ती ‘निवडली’ असे घडलेलेच नसे.

मराठी संस्थांची पहिली दाटी झाली ती कोठी आणि सुलतान बाजाराच्या परिसरात, आणि त्याला सोयीइतकेच कायदेशीर कारण होते. ब्रिटिश रेसिडेंटचा वाडा येथे १८०३ ते १८०६ या काळात बांधला गेला व त्याच्या भोवतीचे बाजार, ज्यांना रेसिडेन्सी बाजार म्हणत, १९३३ मध्ये निजामाकडे परत जाईपर्यंत ब्रिटिश अधिकारक्षेत्रात होते, त्यामुळे सभा आणि शाळा यांवर संस्थानात असणारी बंधने तेथे तुलनेने सैल होती. १९०७ मध्ये सुरू झालेली विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था याच भागात वाढली, केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्यासारख्या पुढाऱ्यांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत, आणि १९३१ मध्ये ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखालील मराठी साहित्य संमेलनही हैदराबादेत भरले. तेथून मराठी घरे काचीगुडा, बरकतपुरा, नल्लाकुंटा आणि पुढे अंबरपेठ अशी ईशान्येला आणि पूर्वेला सरकत गेली. या सरकण्याला ओढ होती ती उस्मानिया विद्यापीठाची. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे अडिकमेटच्या माळावरील आवार, त्यातील कला महाविद्यालयाची १९३९ मधील भव्य इमारत आणि काचीगुड्याचे स्थानक या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात भाड्याची खोली मिळाली, की विद्यार्थ्याचा गावही जवळ राही आणि वर्गही. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ १९५८ मध्ये मिळाले. तोपर्यंत पदवीची वाट या पट्ट्यातून जात होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला तेव्हा सरकारी कामाची ओढ तुटली, तरी माणसांचे येणे थांबले नाही. फक्त त्यांच्या येण्याचे कारण बदलले. शहराच्या पश्चिमेला १९९८ मध्ये सायबर टॉवर्स ही इमारत उभी राहिली, हायटेक सिटी, माधापूर, गच्चीबावली ही नावे नोकरीच्या पत्रांवर दिसू लागली आणि नांदेड किंवा लातूरहून येणाऱ्या तरुणाचे कामाचे ठिकाण त्याच्या काकांच्या घरापासून वीसएक किलोमीटर दूर गेले. जुनी व्यवस्था नातेवाईक आणि काम एकाच बाजूला असण्यावर उभी होती. ती मोडल्यापासून वस्तीची निवड हा खरोखरीचा निर्णय झाला आहे, आणि तो कसा घ्यावा हे पाहण्यासाठी अंबरपेठ सोयीचे आहे, कारण हा भाग सरसकट चांगला नाही आणि सरसकट वाईटही नाही.

अंबरपेठ मुशी नदीच्या उत्तर काठावर आहे. पश्चिमेला गोलनाका आणि काचीगुडा, वायव्येला नल्लाकुंटा आणि टिळकनगर, उत्तरेला विद्यानगर व विद्यापीठाचे आवार, पूर्वेला रामंतापूर, दक्षिणेला नदी आणि नदीपलीकडे मुसारामबाग व मलकपेठ, असा त्याचा शेजार आहे. वरंगळकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६३ या भागाला मधोमध चिरत जातो आणि त्यावरचा सर्वांत ओळखीचा चौक बसच्या क्रमांकावरून ‘छे नंबर’ म्हणून ओळखला जातो. टपालाच्या पत्त्यात हे सगळे एकच अंबरपेठ असले तरी राहण्याच्या दृष्टीने ते निदान तीन आहेत: विद्यापीठाच्या बाजूचा चढावरचा भाग, ज्यात बाग अंबरपेठ, दुर्गाबाई देशमुख यांच्या नावाची डीडी कॉलनी आणि शिवम रस्ता येतो, महामार्गालगतचा दुकानांचा, कार्यालयांचा आणि गोंगाटाचा पट्टा, आणि नदी व नाल्याकडे उतरत जाणाऱ्या दाट गल्ल्या. घर शोधणारा माणूस ‘अंबरपेठ कसे आहे?’ असे विचारतो तेव्हा उत्तर देणाऱ्याच्या मनात यांपैकी एकच असते, आणि बहुतेक गैरसमज तेथूनच सुरू होतात.

तिन्हींमधला फरक मुख्यतः पाणी ठरवते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुशीला आलेल्या पुराने हजारो माणसे मारली आणि काठची वस्ती वाहून नेली. त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या सल्ल्याने वरच्या अंगाला उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) हे जलाशय बांधले गेले, शहर सुधारणा मंडळ नेमले गेले आणि पूर ही जणू इतिहासातील गोष्ट झाली. या सुरक्षिततेवर विसंबून पुढच्या पिढ्यांनी नदीच्या अगदी कडेपर्यंत घरे बांधली. मात्र जलाशय भरल्यावर त्यांचे दरवाजे उघडावे लागतात, आणि ते उघडले की अंबरपेठला मलकपेठशी जोडणारा मुसारामबागचा जुना, बुटका पूल पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद होते. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस तर महात्मा गांधी बसस्थानकातही नदीचे पाणी शिरले होते. पुलाच्या जागी उंच पूल बांधण्याचे काम हाती घेण्यात आले, पण नदीकाठच्या तळमजल्याचा प्रश्न पुलाने सुटत नाही.

नदीपेक्षा नाला अधिक फसवा असतो, कारण तो दिसत नाही. सोळाव्या शतकात, इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात बांधलेल्या हुसेनसागराचे जादा पाणी ज्या नाल्याने मुशीत जाते, तो अशोकनगर, नल्लाकुंटा आणि गोलनाका या दाट वस्त्यांतून येतो. काही ठिकाणी त्यावर स्लॅब आहे, काही ठिकाणी भिंतीआड तो लपलेला आहे, आणि उन्हाळ्यात घर पाहायला आलेल्याला तो केवळ वासावरून कळतो. १३ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत शहरातील जे भाग बुडाले, त्यांतील बरेचसे अशा नाल्यांच्या किंवा बुजवलेल्या तळ्यांच्या जागेवर होते. येथे दोन संज्ञा ठाऊक असणे गरजेचे आहे. तळे काठोकाठ भरल्यावर पाणी जेथवर पोहोचते त्या रेषेला पूर्ण संचय पातळी म्हणतात, हैदराबादेत सर्वजण तिला ‘एफटीएल’ म्हणतात, आणि त्या रेषेबाहेर बांधकामाला मनाई असलेला जो पट्टा राखला जातो तो ‘बफर’. बाग अंबरपेठमधील बतुकम्मा कुंटा या तळ्याची गोष्ट या दोन्ही संज्ञांचे चालते उदाहरण आहे: जुन्या नोंदींत चौदाएक एकर असलेले हे तळे राडारोड्याने आणि अतिक्रमणाने जवळजवळ नाहीसे झाले होते, जुलै २०२४ मध्ये स्थापन झालेल्या ‘हायड्रा’ या सरकारी यंत्रणेने उरलेले पाचेक एकर खणून काढले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले. शेजारच्या रहिवाशांना त्यामुळे फिरायला जागा मिळाली; तळ्याच्या जमिनीवर हक्क सांगणाऱ्यांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. घर विकत घेणाऱ्याने अंबरपेठच्या खालच्या भागात मालकाचा सातबारा-उतारा शोधत बसू नये, तेलंगणात ती पद्धत नाही. तेथे नोंदणीकृत खरेदीखत, उपनिबंधक कार्यालयातून मिळणारे बोजा प्रमाणपत्र आणि बांधकामाचा मंजूर नकाशा पाहावा व जागा एफटीएल किंवा बफरमध्ये येते का याची स्वतंत्र चौकशी करावी. भाडेकरूला एवढे करण्याचे कारण नाही. त्याने तळमजल्याच्या भिंतीवरील ओलीच्या रेघा पाहिल्या आणि समोरच्या किराणा दुकानदाराला २०२० मध्ये पाणी कोठवर आले होते एवढे विचारले तरी पुरते.

अंबरपेठचे आणखी एक वास्तव म्हणजे शहराचे सर्वांत मोठे जुने मलशुद्धीकरण केंद्र, ज्याची क्षमता दिवसाला ३३.९ कोटी लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याची आहे, ते याच भागात नदीकाठी आहे. वाऱ्याची दिशा बदलली की आसपासच्या गल्ल्यांना ते जाणवते, आणि तेथील भाडी कमी असण्याचे हे एक कारण आहे. पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी. ते मांजरा, सिंगूर, कृष्णा आणि गोदावरी या स्रोतांतून नळाने येते, बऱ्याच भागांत एक दिवसाआड येते, आणि म्हणून प्रत्येक इमारतीत जमिनीखालची टाकी, म्हणजे ‘संप’, व बहुधा एक बोअर असते. बीडच्या पाटोदा तालुक्यात उगम पावणारी मांजरा हैदराबादेच्या नळाला येते, ही गोष्ट मराठवाड्यातून आलेल्या माणसाला सहसा ठाऊक नसते. २०२१ पासून घरगुती जोडणीला महिन्याला २० हजार लिटर पाणी मोफत आहे, तथापि त्यासाठी मीटर आणि आधारची जोडणी लागते. घरमालकाने ती केली आहे का, हे भाडे ठरवण्याआधीच विचारलेले बरे.

प्रवासाच्या बाबतीत इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केट्टी यांनी १९९४ मध्ये लोकप्रिय केलेली एक कल्पना येथे उपयोगी पडते. वाहने वेगवान झाली तरी माणूस दिवसाकाठी सरासरी तासभरच प्रवासाला देतो, वेग वाढला की वेळ वाचवण्याऐवजी तो दूर राहायला जातो, असे ते निरीक्षण होते. या मापाने पाहिले तर अंबरपेठहून कोठी, काचीगुडा, नारायणगुडा, उस्मानिया विद्यापीठ, तार्नाक्यातील राष्ट्रीय पोषण संस्था, हबशीगुड्यातील वैज्ञानिक संस्था किंवा उप्पल ही ठिकाणे आवाक्यात येतात, आणि हायटेक सिटी मात्र येत नाही. २८ नोव्हेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या मेट्रोच्या तिन्ही मार्गांपैकी एकही अंबरपेठमधून जात नाही. नागोल–रायदुर्ग ही निळी मार्गिका उत्तरेकडून, मियापूर–एलबीनगर ही लाल मार्गिका नदीपलीकडून आणि जुबिली बसस्थानक–महात्मा गांधी बसस्थानक ही हिरवी मार्गिका पश्चिमेकडून जाते. अंबरपेठकराला प्रत्येकीपर्यंत रिक्षा किंवा बसने पोहोचावे लागते. काचीगुडा आणि विद्यानगर येथून उपनगरी रेल्वेने सिकंदराबादमार्गे हायटेक सिटी व लिंगमपल्लीकडे जाता येते, भाडेही नगण्य आहे, पण गाड्या इतक्या विरळ आहेत की कामाच्या वेळा गाडीशी जुळवाव्या लागतात. गोलनाक्यापासून निघणारा सुमारे दीड किलोमीटरचा उड्डाणपूल, ज्याचे भूमिपूजन २०१८ मध्ये झाले होते, भूसंपादनाच्या खोळंब्यानंतर २०२५ मध्ये पूर्ण झाला आणि महामार्गावरील कोंडी हलकी झाली. ही सुटका उप्पल-वरंगळकडे जाणाऱ्यांच्या उपयोगाची अधिक.

येथवरचा हिशेब कमावत्या माणसाच्या बाजूने झाला, आणि वस्ती निवडताना बहुतेक कुटुंबे येथेच थांबतात. ती चूक आहे. कमावता माणूस सकाळी आठला वस्ती सोडतो आणि रात्री परततो. वस्तीत दिवसभर राहतात ती म्हातारी माणसे, मुले आणि घर सांभाळणारी किंवा जवळपास नोकरी करणारी स्त्री. यांच्या बाजूने पाहिले की अंबरपेठचे पारडे एकदम जड होते. विद्यानगरमधील दुर्गाबाई देशमुख रुग्णालय आणि नल्लाकुंट्यातील, सर रोनाल्ड रॉस यांचे नाव असलेले सरकारी फीवर हॉस्पिटल जवळ आहे. नल्लाकुंट्याची भाजी मंडई आणि शंकरमठ पायी किंवा रिक्षाने गाठता येतात. काचीगुड्याहून नांदेड-औरंगाबादकडची गाडी पकडायला शहर ओलांडावे लागत नाही, आणि गावाकडून वरचेवर येणाऱ्या सासू-सासऱ्यांना ते फार मोलाचे वाटते. संध्याकाळी विद्यापीठाच्या झाडीतील रस्ते फिरायला मिळतात. ९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणातील रहिवासी स्त्रियांना सिटी ऑर्डिनरी आणि मेट्रो एक्स्प्रेस बसचा प्रवास मोफत आहे, मात्र त्यासाठी तेलंगणाचा पत्ता असलेले ओळखपत्र दाखवावे लागते. महाराष्ट्रातून आलेल्या बाईने आधारवरील पत्ता बदलून घेतला नाही तर ही सवलत तिला मिळत नाही.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट आधीच मान्य करून टाकावी. २०१८ च्या कायद्याने तेलंगणातील सर्व शाळांत, मंडळ कोणतेही असो, तेलुगू शिकवणे सक्तीचे आहे, त्यामुळे मराठी घरातले मूल घरी मराठी, वर्गात इंग्रजी व तेलुगू आणि गल्लीत दख्खनी हिंदी बोलत वाढते. काही पालकांना हे ओझे वाटते. अंबरपेठसारख्या मिश्र वस्तीत मात्र ते मूल तेलुगू पुस्तकाआधी मैदानावर शिकते, जे पश्चिमेकडच्या कुंपणबंद संकुलांत सहसा घडत नाही, आणि आषाढात महाकाली देवळाच्या बोनालूला किंवा नवरात्रात बतुकम्माच्या फेराला शेजारणीबरोबर जाणारी मराठी स्त्री वर्षभरात या वस्तीची होऊन जाते.

घर मिळण्याची पद्धत येथे अजूनही पायी फिरण्याची आहे. फाटकावर ‘टू-लेट’ ची पाटी टांगलेली असते. त्याखाली मोबाइल क्रमांक आणि बहुधा ‘ओन्ली फॅमिली’ किंवा ‘ओन्ली व्हेजिटेरियन’ असा शेरा असतो. स्वतंत्र घराचा एक मजला किंवा त्याचा भाग भाड्याने दिला जातो, त्याला ‘पोर्शन’ म्हणतात. साधारण दोन महिन्यांचे भाडे अनामत घेतले जाते, मुंबई-पुण्याच्या मानाने ही रक्कम माफक आहे. करार अकरा महिन्यांचा असतो, कारण मालकांना नोंदणी टाळायची असते. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाला हैदराबादचा साधा, नोंदणी न केलेला कागद अपुरा वाटतो, आणि पुढे वाद झाला तर तो अपुरा ठरतोही. अनामत रोख न देता बँकेतून द्यावी आणि रंगकामाचे पैसे शेवटी कापले जाणार असतील तर तो आकडा करारात लिहून घ्यावा.

पाटीवरच्या त्या शेऱ्यांविषयीही बोलले पाहिजे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ टॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की आपल्यासारखे थोडे तरी शेजारी असावेत एवढी सौम्य इच्छा प्रत्येकाने पाळली तरी अख्खे शहर वेगवेगळ्या कप्प्यांत फाटू शकते, मग कोणाच्याही मनात द्वेष नसला तरी. अंबरपेठ आणि त्याभोवतीच्या गल्ल्यांत हिंदू-मुसलमान वस्ती पिढ्यान्‌पिढ्या सरमिसळ आहे. १९२० पासून चालत आलेल्या ‘जिंदा तिलिस्मात’ या युनानी औषधाचा कारखाना येथलाच आणि त्याची बाटली सगळ्यांच्याच घरात. तरीही घर मागायला गेलेल्याला आडनाव आणि जेवण विचारले जाते. ज्या मराठी कुटुंबाला या चाळणीतून सहज प्रवेश मिळतो त्याने तो वस्तीचा गुण समजू नये, आणि ज्याला नकार मिळतो त्याने सगळ्या अंबरपेठला नावे ठेवू नयेत. मालकाकडून मालकाकडे गेले की उत्तर बदलते.

काम कोठी, काचीगुडा, विद्यापीठ, तार्नाका किंवा उप्पलच्या बाजूला असेल, घरात वृद्ध माणसे असतील आणि गावाकडे जाणे-येणे वरचेवर असेल, तर अंबरपेठ निवडावे, त्यातही विद्यानगर–शिवम रस्त्याकडचा चढावरचा भाग पाहावा, आणि गोलनाका व नदीकडच्या बाजूला घ्यायचेच झाले तर पहिला मजला किंवा त्यावरचा घ्यावा. ज्याला रोज गच्चीबावली गाठायची आहे पण शहराची ही बाजू सोडायची नाही, त्याच्यासाठी अंबरपेठपेक्षा तार्नाका, हबशीगुडा किंवा उप्पल बरे, कारण तेथून निळी मेट्रो गाडी न बदलता गच्चीबावलीजवळच्या रायदुर्गपर्यंत जाते.